थ्रॉटलवरील हात

इ. स. १९१४ च्या जून महिन्याच्या १८ व्या तारखेस पॅरिसजवळ बझाँ येथें सीन नदीच्या कांठीं मोठी गर्दी लोटली होती. विमानाचा प्रवास निर्भय कसा होईल, या हेतूनें त्या वर्षीं फ्रान्समध्यें एक स्पर्धा ठेवण्यांत आली होती व तिचें पहिलें बक्षीस ५०,००० फ्रँकचें होतें. लॉरेन्स स्पेरी नांवाचा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण आपलें कर्टिस बनावटीचें जलविमान घेऊन नदीवरून परीक्षकांच्या समोर आला, आणि समोर येतांच त्यानें आपले दोन्ही हात डोक्यावर उंच केले. त्याचा मेकॅनिक एमिल काशँ हा बैठकीवरून उठून पंखावर चालत गेला. एका अंगास असा भार पडल्यावर विमान कलंडावयाचें. पण स्पेरी व त्याचे वडील एल्मर यांनीं सिद्ध केलेल्या जायरोस्कोपच्या यंत्रानें तें कलंडूं दिलें नाहीं. बक्षीस कोणास मिळालें हें सांगणें नलगे.

विमानविद्येच्या बहुतेक इतिहासांत हा प्रसंग स्वयंचलनाच्या विजयाची पहिली पताका म्हणून वर्णिलेला असतो, व तें यथार्थ आहे. तथापि त्या उंच झालेल्या हातांनीं नेमकें काय सोडलें होतें, इकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. विमान चालविण्याच्या कर्माचीं दोन अंगें आहेत. विमानाचा तोल व दिशा राखणें हें एक; त्याच्या एंजिनाची शक्ति कमीजास्त करणें हें दुसरें. स्पेरीच्या यंत्रानें पहिलें अंग आपल्याकडे घेतलें. दुसरें जेथल्या तेथें राहिलें. थ्रॉटलचा दांडा जेथें ठेवला होता तेथेंच होता, आणि हलावयाचा झाल्यास तो मनुष्याच्याच हातानें हलणार होता. हा दुसरा कारभार यंत्राच्या स्वाधीन व्हावयास पुढें तिसाहून अधिक वर्षें लागलीं. आणि तो झाल्यावर जो एक अगदीं साधा दिसणारा प्रश्न उत्पन्न झाला, त्याचा निकाल अद्यापि लागलेला नाहीं. दांडा यंत्र हलवीत असतांना वैमानिकानें आपला हात ठेवावा कोठें? हात ठेवण्याच्या जागेवर निबंध तो काय लिहावयाचा, असें वाचकांस वाटेल. परंतु या जागेपायीं किती माणसें प्राणांस मुकलीं हें पाहिलें म्हणजे विषय क्षुल्लक राहत नाहीं.

आरंभीं हा दांडाच नव्हता. राइट बंधूंनीं १९०३ सालीं उडविलेल्या विमानाच्या एंजिनास आजच्या अर्थानें थ्रॉटल नव्हता. तें एकदां सुरू झालें कीं बहुतांशीं एकाच वेगानें धडधडत राही. पहिल्या महायुद्धांतील सॉपविथ कॅमलसारख्या विमानांत एंजिन स्वतःच पंख्यासह गरगर फिरत असे, आणि त्याचा जोर झटकन् कमी करावयाचा तर वैमानिक सुकाणूच्या दांड्यावरील बटन दाबून ठिणगीच क्षणभर तोडीत असे. खालीं उतरणाऱ्या त्या विमानांचा आवाज म्हणूनच उचकी लागल्यासारखा तुटक येई. पुढें थ्रॉटलचा दांडा सर्वत्र रूढ झाला, पण त्याच्या दिशेविषयीं एकमत नव्हतें. इंग्रज व अमेरिकन वैमानिक शक्ति वाढविण्यासाठीं दांडा पुढें ढकलीत. फ्रान्स व इटली या देशांतील अनेक विमानांत तो मागें ओढावा लागे. फ्रान्सनें अमेरिकेकडून मागविलेलीं कर्टिस लढाऊ विमानें १९४० मध्यें फ्रान्सचा पाडाव झाल्यावर ब्रिटिशांच्या हातीं आलीं, तेव्हां त्यांचे थ्रॉटल उलट फिरवून घ्यावे लागले. ‘मोहॉक’ हें नांव धारण करून त्यांतील कांहीं विमानें पुढें हिंदुस्थानांत आलीं व ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढलीं. एंजिन व पंख जसेच्या तसे चालले. पण हाताच्या संवयीशीं जुळणारें तें बदलावेंच लागलें. वैमानिकाचा हात संकटाच्या वेळीं विचार करीत नाहीं, संवयीनें चालतो, हें त्या काळच्या कारागिरांस पुरतें ठाऊक होतें.

शिवाय तो हात केवळ आज्ञा देणारा नसतो, वार्ता घेणाराही असतो. आमच्याकडे रात्रीं बाजाराहून परतणारा गाडीवान बैलांस वाट ठाऊक म्हणून खुशाल डुलकी घेतो, पण कासरा मनगटास गुंडाळून घेतो. बैल बुजले किंवा वाट सोडून वळले कीं मनगटास ओढ बसते व तो जागा होतो. कासरा त्या वेळीं बैल हांकण्यासाठीं नसतो, बैलांची खबर गाडीवानास देण्यासाठीं असतो. थ्रॉटलच्या दांड्याचेंही तसेंच आहे. दांडा कोठें आहे हें तळहातास कळलें कीं एंजिन किती जोरांत आहे हें डोळ्यांनीं घड्याळांकडे न पाहतां कळतें. आणि उतरण्याच्या वेळीं डोळ्यांस दुसरीं पुष्कळ कामें असतात. दांडा आपोआप मागें सरकूं लागला, तर हाताखालची ती हालचाल डोळ्यांच्या आधीं मनुष्यास सांगून जाते. म्हणूनच यंत्रानें दांडा हलविण्यास आरंभ केल्यावर हात तेथून काढावा कीं नाहीं, हा प्रश्न कासरा सोडावा कीं नाहीं, याच जातीचा आहे.

यंत्राकडे दांडा जाण्याचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. वायली पोस्ट यानें १९३३ मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हां त्याच्या विमानांत स्पेरीचा ऑटोपायलट होता, पण शक्तीचा कारभार त्याच्याच हातीं होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या सप्टेंबरांत अमेरिकन लष्कराचें एक चार एंजिनांचें सी-५४ विमान न्यूफाउंडलंडमधील स्टीफनव्हिल येथून निघून अटलांटिक ओलांडून इंग्लंडांत ब्राइझ नॉर्टन येथें उतरलें. उड्डाणापासून उतरण्यापर्यंत विमानांतील कोणाही मनुष्यानें त्याच्या सुकाणूस वा थ्रॉटलला हात लावला नाहीं, असें तेव्हां जाहीर झालें. तो प्रयोग होता. व्यवहारांत येणारें यंत्र १९५६ मध्यें डीसी-३ विमानांसाठीं निघालें. लिओनर्ड ग्रीन यांच्या कारखान्याचें तें यंत्र विमान उतरत असतांना वेग योग्य मर्यादेंत ठेवण्यापुरतें होतें. ग्रीन यांनीं तत्पूर्वीं, विमान उचलून धरणारी हवा पंखावरून निसटूं लागली असतां वैमानिकास इशारा देणारें यंत्र काढलें होतें. तेव्हां वेग मंदावण्याचें भय हेंच या नव्या यंत्राचेंही मूळ होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. १९६५ च्या जून महिन्यांत ब्रिटिश युरोपियन एअरवेजचें ट्रायडेंट विमान पॅरिसहून लंडनला उतारूंसह आलें व शेवटच्या टप्प्यांत यंत्राच्याच बळावर जमिनीस टेकलें. धुक्यानें बंद पडणाऱ्या लंडनच्या विमानतळास ही मोठीच सोय होती. त्यानंतर मोठ्या जेट विमानांत ऑटोथ्रॉटल असणें ही नित्याची गोष्ट झाली.

या यंत्राची रचना समजल्याखेरीज पुढील हकीकत समजणार नाहीं. थ्रॉटलच्या दांड्यांस एक विजेची मोटर जोडलेली असते. इच्छित वेग वैमानिक एका चाकावर ठरवून देतो. वेग कमी पडला कीं मोटर दांडे पुढें सारते, वाढला कीं मागें ओढते. मोटर व दांडा यांच्यामध्यें घसरणारा क्लच असतो, त्यामुळें वैमानिकानें जोर लावला तर तो यंत्राविरुद्धही दांडा हलवूं शकतो. पण यंत्र चालू आहे तोंपर्यंत त्यानें हात काढतांच मोटर दांडा पुन्हा आपल्या मनाप्रमाणें नेते. यंत्रास खरोखर दूर करावयाचें तर दांड्याच्या बाजूस असलेलें बटन दाबावें लागतें. हातानें दांडा ढकलणें आणि यंत्रास निरोप देणें या दोन वेगळ्या क्रिया आहेत, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

हाताच्या जागेविषयीं वैमानिकांत जे रिवाज पडले तेही पाहण्यासारखे आहेत. उड्डाणासाठीं धांवत असतां कप्तानाचा हात दांड्यांवर असतो, कारण कांहीं बिघडल्यास दांडे मागें ओढून विमान थांबवावयाचें तें त्यानें. पण ज्या वेगानंतर थांबणें शक्य नसतें तो वेग येतांच तो हात मुद्दाम उचलून घेतो. त्यापुढें थांबण्याचा मोह हातास होऊं नये एवढ्यासाठीं. बोइंगच्या विमानांत तर सुमारें ८० नॉट वेग झाला कीं यंत्रच मोटरीची पकड सोडतें, म्हणजे बिघडलेल्या मोटरीनें ऐन उड्डाणांत दांडे मागें ओढूं नयेत. याच्या उलट, उतरतांना विमान खालीं आलें कीं यंत्र चालू असलें तरी उडविणाऱ्यानें हात दांड्यांवर ठेवावा, अशी पुष्कळ ठिकाणीं शिकवण आहे. एकाच प्रवासांत एकदां हात काढण्याचा व एकदां ठेवण्याचा नियम, आणि दोहोंच्या मुळाशीं एकच जाण, कीं हात जेथें असेल तेथलें काम तो करून बसतो.

यंत्रावर फार विसंबल्याचा पहिला ठळक दाखला १९८४ चा. त्या वर्षीं २८ फेब्रुवारीस स्कँडिनेव्हियन कंपनीचें डीसी-१० विमान न्यूयॉर्कला उतरतांना योग्य वेगापेक्षां पुष्कळच अधिक वेगांत होतें. ऑटोथ्रॉटलनें वेग कमी करावयाचा, तो केला नाहीं. त्या विमानांतील हें यंत्र अलीकडेच अनेकदां बिघडलेलें होतें. तरी वैमानिकांनीं त्यावर भिस्त ठेवली. विमान धावपट्टीवर फार पुढें टेकलें, पट्टी संपली, व तें पलीकडील खाडीच्या पाण्यांत शिरलें. १७७ जण होते, सर्व वांचले. अमेरिकन चौकशी मंडळानें कारणांत ऑटोथ्रॉटलवरील अतिविश्वासाचा स्पष्ट उल्लेख केला. त्याच्या आदल्या वर्षींच लिझॅन बेनब्रिज या इंग्रज विदुषीनें स्वयंचलनाच्या विपर्यासांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला होता. यंत्र जितकें चांगलें, तितका मनुष्य संवयींतून सुटलेला, आणि यंत्र हरलें कीं नेमकें तेव्हांच त्याला पुढें व्हावयाचें, असा त्याचा आशय होता. न्यूयॉर्कच्या खाडींतील विमान म्हणजे त्या निबंधाचें जणूं सचित्र परिशिष्ट.

परंतु खरा मतभेद त्यानंतर उत्पन्न झाला. १९८८ मध्यें एअरबसचें ए-३२० हें विमान सेवेंत आलें, आणि त्यांत दांडे यंत्राबरोबर हलावयाचे थांबले. या विमानांत उड्डाणानंतर दांडे एका ठराविक खांचेंत ठेवावयाचे व उतरेपर्यंत तेथेंच राहूं द्यावयाचे. एंजिनाची शक्ति विजेच्या संदेशांनीं आंतल्या आंत वरखालीं होते, दांडे निश्चल. रचनाकारांचें म्हणणें असें, कीं मोटर, तारा व क्लच गेल्यानें बिघडणारें तेवढें कमी झालें, आणि एंजिन काय करीत आहे हें पडद्यावर स्पष्ट दिसतें; वेग वाढत आहे कीं घटत आहे हेंही एका बाणानें दिसतें. हें म्हणणें पोरकट नाहीं. परंतु त्यानें एक गोष्ट गेली ती गेलीच. हाताला मिळणारी वार्ता बंद होऊन सर्व भार डोळ्यांवर पडला.

याचें अत्यंत दारुण उदाहरण आपल्याच देशांत घडलें. १९९० च्या फेब्रुवारीच्या १४ तारखेस मुंबईहून बंगलोरला निघालेलें इंडियन एअरलाइन्सचें ए-३२० विमान दुपारीं स्वच्छ हवेंत उतरत होतें. विमान नवें कोरें होतें, एंजिनांत दोष नव्हता. कप्तानपदासाठीं ज्याची परीक्षा चालली होती असा वैमानिक डाव्या आसनावर, परीक्षक उजव्या. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यांत यंत्र अशा अवस्थेंत गेलें, कीं तींत एंजिनें अगदीं मंद ठेवून विमान केवळ खालीं उतरविलें जातें, वेग राखण्याचें काम एंजिनांकडे राहत नाहीं. ही अवस्था उंच आकाशांतून खालीं येण्यासाठीं असते. जमिनीजवळ तिचें काम नाहीं. त्या अवस्थेंत विमान आहे, हें दोघांपैकीं एकानें बोलूनही दाखविलें. तींतून बाहेर येण्यासाठीं दोघांच्याही समोरील मार्गदर्शक यंत्र बंद व्हावयास पाहिजे होतें. एकाचें झालें, दुसऱ्याचें चालूच राहिलें. विमान सुकाणूनें वर धरून ठेवलें जात होतें, एंजिनें मंद होतीं, आणि वेग ठरलेल्या मर्यादेच्या वीसाहून अधिक नॉट खालीं घसरला. शेवटच्या सेकंदांत दांडे पुरे पुढें सारण्यांत आले. पण मंद झालेलें जेट एंजिन जोरांत येण्यास कांहीं सेकंद घेतें, आणि ते सेकंद उरले नव्हते. धावपट्टीच्या अलीकडील गोल्फच्या मैदानावर विमान आपटलें, उसळलें व पुढील बांधावर जाऊन फुटलें. १४६ जणांपैकीं ९२ मेले. यानंतर सरकारनें या जातीचीं विमानें कांहीं काळ जमिनीवरच ठेवलीं.

वैमानिकांचें चुकलें हें निर्विवाद आहे. वेगाच्या घड्याळाकडे पाहणें हें त्या धंद्याचें पहिलें ओनामा. तरीही मनांत येतें, कीं जुन्या पद्धतीच्या विमानांत दोन्ही दांडे मागच्या टोंकास जाऊन बसलेले एखाद्याच्या हातास लागले असते. बंगलोरच्या विमानांत दांडे आपल्या खांचेंत, नित्याप्रमाणें, योग्य जागीं होते. त्यांवर हात ठेवला असता तरी त्याला कांहींच कळलें नसतें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं हलणारे दांडे हेंच सर्व रोगांवर औषध. तसें नाहीं. रुमानियाच्या तारोम कंपनीचें ए-३१० विमान ३१ मार्च १९९५ रोजीं बुखारेस्टहून ब्रुसेल्सकडे निघालें. ही एअरबसचीच जुनी जात. हिचे दांडे यंत्राबरोबर हलत. विमान चढत असतां यंत्रानें एंजिनांचा जोर थोडा कमी करण्यासाठीं दांडे मागें घेतले, पण उजवा दांडा अडकून राहिला व डावा एकटाच मागें मागें जात अगदीं मंद गतीच्या टोंकास पोहोंचला. एक एंजिन जोरांत, दुसरें निजलेलें. ढगांत विमान डावीकडे कलत गेलें, उलटलें व जमिनीवर कोसळलें. साठच्या साठ जण गेले. येथें दांडे हलत होते, हातास सर्व सांगावयास तयार होते. पण त्यांवर ऐकणारा हात नव्हता. उलट, न हलणाऱ्या दांड्यांचीही दुसरी एक खोड आहे. साओ पावलो येथें १७ जुलै २००७ रोजीं उतरलेल्या ए-३२० च्या एका दांड्यानें मागची जागा घेतली व दुसरा चढाईच्याच खांचेंत राहिला. उड्डाणापासून जो दांडा हलविलाच नव्हता तो उतरतांना मागें आणावयाचें राहून गेलें असावें, असा एक तर्क. दांड्याच्या अंगचा दोष असावा, असा दुसरा. विमान धावपट्टीवरून सुटून रस्त्यापलीकडील इमारतींत घुसलें. १९९ माणसें मेलीं.

आतां ज्या अपघातामुळें हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतों. २५ फेब्रुवारी २००९ रोजीं तुर्की कंपनीचें बोइंग ७३७ विमान इस्तंबूलहून ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर उतरत होतें. विमान उडवीत होता तो सहवैमानिक या जातीच्या विमानावर अद्याप शिकाऊ होता. कप्तान त्याचा शिक्षक, आणि मागें तिसरा एक वैमानिक देखरेखीसाठीं बसलेला. विमानाच्या पोटाखालीं जमिनीपासूनची उंची मोजणारीं दोन रेडिओ यंत्रें असतात. त्यांपैकीं डाव्या यंत्रानें एकाएकीं उंची उणे ८ फूट दाखविली. म्हणजे विमान जमिनीवर टेकलेलें आहे असा त्याचा समज झाला. ऑटोथ्रॉटल डाव्या यंत्राचेंच ऐकत असे. विमान टेकत आहे, तर एंजिनांचें काम संपलें, असें समजून त्यानें दोन्ही दांडे मागें ओढून मंद टोंकास नेऊन ठेवले. वास्तविक विमान तेव्हां सुमारें दोन हजार फुटांवर होतें.

दैवदुर्विलास असा, कीं त्या क्षणीं दांडे मागें जाणें हेंच योग्य दिसत होतें. विमान ठरलेल्या उतरणीच्या वर होतें. त्याला भराभर खालीं आणावयाचें व वेगही कमी करावयाचा होता. अशा वेळीं कोणीही वैमानिक दांडे मागेंच घेईल. यंत्र चुकीच्या कारणानें बरोबर गोष्ट करीत होतें, आणि अशी चूक ओळखणें मनुष्यास फार कठीण. पुढें विमान उतरणीवर आलें, वेग ठरल्या मर्यादेस पोंचला. आतां दांडे पुढें जावयास हवे होते, ते गेले नाहींत. सुमारें शंभर सेकंद ते तसेच मागें राहिले. तीन वैमानिक उतरण्यापूर्वींच्या याद्या वाचण्यांत गुंतले होते. दांड्यांवर एखादा हात निश्चिंतपणें विसावला असता, तर ‘तूं अजून मागेंच कसा?’ हा प्रश्न त्या हातानें विचारला असता, असें मला वाटतें. डच चौकशी मंडळानें हें असें म्हटलेलें नाहीं. हें माझें मत आहे.

सुमारें ४६० फुटांवर सुकाणूचा दांडा थरथरूं लागला. वेग फार घटल्याचा हा इशारा. सहवैमानिकानें तत्काळ सुकाणू पुढें केलें व थ्रॉटलचे दांडेही पुढें ढकलले. म्हणजे जें करावयास पाहिजे होतें तेंच त्या शिकाऊ मनुष्यानें केलें. परंतु त्याच क्षणीं कप्तानानें विमान आपल्या हातीं घेतलें, आणि बहुधा त्यामुळेंच सहवैमानिकाचें दांडे ढकलणें अर्ध्यावर राहिलें. ऑटोथ्रॉटल बंद झालेला नव्हता. त्याच्या मतें विमान अद्याप जमिनीवरच होतें. दांडे मोकळे सांपडतांच त्यानें ते निमूटपणें पुन्हा मागें नेले. एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे विमान जात असतां दांडे मात्र तिसऱ्याच्या, यंत्राच्या, हातीं गेले. त्यानंतर यंत्र बंद करण्यांत आलें, पण दांडे लगेच पुढें झाले नाहींत. पहिल्या इशाऱ्यापासून नऊ सेकंदांनीं ते पुरे पुढें गेले, तेव्हां सुमारें ३५० फूट उंची उरली होती व विमान हवेंतून निसटलेलें होतें. धावपट्टीच्या अलीकडे सुमारें दीड किलोमीटरवर नांगरलेल्या शेतांत तें पडलें. १३५ पैकीं ९ मेले; त्यांत तीनही वैमानिक होते.

नऊ सेकंद हा काळ वाचतांना क्षुल्लक वाटतो. वाचकांनीं घड्याळ समोर ठेवून तो एकदां मोजून पाहावा.

चार वर्षांनीं, ६ जुलै २०१३ रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथें दक्षिण कोरियाच्या एशियाना कंपनीचें बोइंग ७७७ याच रोगानें गेलें, पण रोगाचें रूप निराळें होतें. उडविणारा कप्तान या विमानावर नवा, पूर्वीं ए-३२० वर काम केलेला. धावपट्टीस उतरण दाखविणारें रेडिओयंत्र त्या दिवशीं बंद होतें, म्हणून विमान बहुतांशीं नजरेनें उतरवावयाचें होतें. मध्येंच यंत्र चढाईची शक्ति देऊं लागलें, तें नको म्हणून कप्तानानें ऑटोपायलट तोडला व दांडे स्वतःच्या हातानें मागें ओढले. येथें खोंच अशी, कीं त्या अवस्थेंत हातानें दांडे मागें ओढले असतां ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’ अवस्थेंत जाऊन स्वस्थ बसतो. तो बंद होत नाहीं, पण वेगही राखीत नाहीं. चालक समजला कीं यंत्र वेग सांभाळीत आहे. यंत्रानें तर तो विषयच सोडून दिला होता. १३७ नॉट वेग हवा होता, तो १०३ पर्यंत उतरला. समुद्राच्या भिंतीस विमानाची शेंपटी आपटली. ३०७ जणांपैकीं ३ मेले. अमेरिकन चौकशी मंडळानें वैमानिकांस दोष दिला व या यंत्राची रचना समजण्यास अवघड असल्याचेंही नमूद केलें. हातावर श्रद्धा ठेवणाऱ्या आम्हां लोकांस हें उदाहरण अडचणीचें आहे. दांडे हलणारे होते, हातानेंच ते मागें नेले होते, आणि नंतर ते हलेनात म्हणजे सर्व सुरळीत आहे, असाच अर्थ हातानें घेतला असता.

दुबईचें प्रकरणही याच पंक्तींत बसतें. थिरुवनंतपुरमहून ३०० जण घेऊन ३ ऑगस्ट २०१६ रोजीं तेथें उतरणारें एमिरेट्सचें ७७७ विमान धावपट्टीवर फार पुढें टेकलें, म्हणून कप्तानानें पुन्हा वर चढण्याचा निर्णय घेतला. यासाठीं दांड्यांवर एक बटन असतें. तें दाबलें कीं यंत्र आपण होऊन दांडे पुढें नेतें. शिकवणुकींत तें असेंच शेंकडों वेळां घडलेलें. पण चाकें जमिनीस टेकल्यानंतर तें बटन निकामी होतें, हें त्या घाईंत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. बोट बटनापर्यंत पोंचलें, दांडे तसेच राहिले. विमानानें नाक वर केलें, तें कांहीं फूट उचललें गेलें, चाकेंही आंत घेतलीं जाऊं लागलीं, आणि एंजिनें मात्र निजलेलीं. दांडे पुढें झाले तेव्हां विमान पुन्हा जमिनीवर आदळण्यास दोनतीन सेकंदच उरले होते. उतारू व नोकर सर्व बाहेर पडले. आग विझविणारा एक शूर मनुष्य मात्र स्फोटांत मेला. जेथें जुन्या वैमानिकाचा तळहात दांडे घेऊनच पुढें गेला असता, तेथें बटन दाबण्याची संवय लागलेलें बोट आपलें काम झालें असें समजून थांबलें. मोहॉक विमानांचे थ्रॉटल उलटविणाऱ्या कारागिरांस हें ऐकून नवल वाटलें नसतें.

शेवटचें उदाहरण ९ जानेवारी २०२१ चें. जाकार्ताहून पाँटियानाककडे निघालेलें श्रीविजय कंपनीचें जुन्या पिढीचें ७३७ विमान चढत असतां यंत्रानें जोर कमी करण्यास घेतलें, तेव्हां उजवा दांडा अडकून जागींच राहिला व डावा मागें मागें जात राहिला. बुखारेस्टला सव्वीस वर्षांपूर्वीं घडलें तेंच. विमान उजवीकडे वळावयाचें तें हळूहळू डावीकडे कललें, ऑटोपायलटनें पकड सोडली, आणि तें जावा समुद्रांत कोसळलें. ६२ जण होते, कोणी वांचलें नाहीं. इंडोनेशियाच्या चौकशी मंडळानें नोव्हेंबर २०२२ मध्यें आपला अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. या विमानाच्या ऑटोथ्रॉटलविषयींच्या तक्रारी दुरुस्तीच्या वहींत पूर्वींपासून नोंदलेल्या होत्या, असें त्यांत आढळलें.

विमानाच्या हालचालींची नोंद करणारें यंत्र पाणबुड्यांनीं तीन दिवसांत वर काढलें, आणि कॉकपिटमधील संभाषणाची नोंद मार्चच्या अखेरीस चिखलांतून निघाली. पहिल्या नोंदींत दोन्ही दांडे कोणत्या क्षणीं किती अंशांवर होते हें स्पष्ट उमटलेलें आहे. दुसऱ्या नोंदींत सहवैमानिकाचा आवाज आहे. कप्तानाचा नीटसा आलेला नाहीं. दांड्यांवर कोणाचा हात होता कीं नव्हता, हें नोंदणारें यंत्र त्या विमानांत नव्हतें.